पैनगंगेचा काठ आणि लॅम्बटनचा त्रिकोण

वाचकहो, उमरखेडच्या दक्षिणेस वाहणारी पैनगंगा किती रुंद आहे, हे पाण्यात पाय न घालता सांगता येईल काय? येईल! पलीकडच्या काठावरचे एक झाड हेरा. त्याच्या अगदी समोर खुंटी ठोका आणि काठाकाठाने सरळ चालू लागा. काठाच्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करून ते झाड दिसले, की थांबा. जेवढे चाललात, तेवढी नदीची रुंदी! कोन निराळा आला, तर त्रिकोणमितीचे कोष्टक आहेच.

याच युक्तीने आपला देश मोजला गेला. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली. पुढे मुख्य काम कोन मोजण्याचे. एक बाजू व दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. आणि निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. ही त्रिकोणांची माळ ७८ व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेस सरकत गेली. तो रेखांश उमरखेडच्या पूर्वेस जेमतेम तीस किलोमीटरांवर आहे.

जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरच्या वाटेवर, सत्तरीच्या घरातले लॅम्बटन हिंगणघाटला वारले. काम अपुरे होते. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेले.

मोजणीमागे कंपनी सरकारचा स्वार्थ होता, हे खरेच. पण त्रिकोणाला राज्य कोणाचे ते ठाऊक नसते. म्हणून गुरुजी, एकदा वर्ग नदीकाठी न्या. मुलांना पहिली रेषा मात्र दोनदा मोजायला लावा. ती चुकली, की पुढचे सारेच चुकते!