सासूबाईंची पेटी

यंदा उत्तम त्यागाच्या दिवशी सासूबाईंची लोखंडी पेटी काढली. त्या गेल्यापासून बंदच होती. लुगडी पटकन वाटली. हात अडला तो हाली सिक्क्याच्या पुरचुंडीपाशी.

आपलं हिंगोली 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथला रुपयाही वेगळा, 7 हाली म्हणजे 6 कलदार. निजामाची सत्ता गेली तरी हा पैसा 1959 पर्यंत चालला, मग बाजारात त्याला कुणी विचारेना.

सासूबाईंनी तो तरीही जपला, कारण सासरी निघताना त्यांच्या आईनं पदराला बांधून दिलेला. तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेलाच, म्हणजे ममत्वालाच, परिग्रह म्हटलंय. त्यांचं ममत्व त्यांच्याबरोबर गेलं. पुरचुंडी सोडवेना, ती मला!

नाणी दोघी नणंदांना दिली. फडकं मात्र घडी करून परत पेटीत ठेवलं.