धर्मादाय खाटांचा हिशेब

मुंबईत रुग्णालय उभारण्यासाठी सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये देऊ केले, तेही कंपनी सरकारने तेवढीच भर घालावी या अटीवर. १८४३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. हिंदुस्थानात प्राप्तिकर आला तो १८६० मध्ये. म्हणजे रुग्णसेवेसाठीचे मोठे दान आपल्याकडे करसवलतीच्या आधीपासून आहे. हा क्रम मुद्दाम सांगायला हवा, कारण धर्मादाय रुग्णालयांच्या सवलतींना अटी घातल्या की दाते पाठ फिरवतील, असा आक्षेप आजही घेतला जातो. दान हे दात्याचे असते, पण सवलत म्हणजे सरकारी तिजोरीत न आलेला पैसा. तो सर्वांचा असल्याने त्याचा हिशेब मागण्यात दात्याचा अवमान नाही.

हा हिशेब फार काळ कोणी मागितला नाही, याचे मूळ कायद्यातच आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने धर्मादाय हेतूची व्याख्या करताना गरिबांना साहाय्य आणि वैद्यकीय साहाय्य ही दोन वेगळी कामे मानली. त्यामुळे उपचार करणारी विश्वस्त संस्था एवढ्यावरच सवलतीस पात्र ठरू लागली. रुग्णांत गरीब किती, हा प्रश्न व्याख्येत नव्हताच. पुढे महागडी यंत्रे आली, विशेषज्ञांची शुल्के वाढली, खासगी खोल्या वाढल्या. दारावर विश्वस्त संस्थेचे नाव तेच राहिले आणि आत दर मात्र बाजाराचे झाले. माझ्या मते सगळा घोळ इथून सुरू होतो: सवलत संस्थेच्या नोंदणीला जोडली गेली, उपचार मिळालेल्या गरीब रुग्णाला नाही.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले. महाराष्ट्राने १९८५ मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात ४१अअ हे कलम घालून सरकारी मदत किंवा सवलत घेणाऱ्या रुग्णालयांवर निर्धन व दुर्बल रुग्णांसाठी खाटा राखण्याचे बंधन आणले. केंद्राने १९८८ मध्ये परदेशी वैद्यकीय यंत्रांवरील सीमाशुल्क माफ केले, पण बाह्यरुग्णांपैकी किमान ४० टक्के जणांवर मोफत उपचार करावेत आणि महिना ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा राखाव्यात, अशी अट घातली. ही मर्यादा जरा जवळून पाहावी. १९८६ पासून केंद्र सरकारच्या शिपायाचे किमान मूळ वेतनच ७५० रुपये होते. म्हणजे शहरात कायम नोकरीवर असलेला सर्वांत खालचा माणूसही या व्याख्येत बसत नव्हता. खाट राखीव ठेवायची आणि तीवर झोपू शकेल असा रुग्ण सापडू नये, अशीच ही रचना होती. १९९६ मध्ये मेडिवेल रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की मोफत उपचारांची ही जबाबदारी यंत्र आणण्यापुरती नसून कायम चालू राहणारी आहे आणि मोफत उपचारांची माहिती लोकांना जाहीरपणे द्यायला हवी.

महाराष्ट्रात ४१अअ कलमाला खरा जोर आला तो २००६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवर योजना ठरवून दिली तेव्हा. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचे. औषधे, साहित्य व रोपणाच्या खर्चासाठी इतर रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तेव्हा निर्धनांसाठी २५,००० आणि दुर्बलांसाठी ५०,००० रुपये होती, ती पुढे वाढवली गेली.

रुग्णालयांची तक्रार अशी की हा निधी पुरत नाही. ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. लहान रुग्णालयात एकदोन गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांनी निधी रिकामा होऊ शकतो. पण त्यासाठी रुग्णालयांनी निधी एकत्र करून वाटण्याची मागणी करावी, खाटा कमी करण्याची नव्हे. गरिबांवर उपचार हे सरकारचे काम, ते आमच्यावर का, असा दुसरा सवाल असतो. सरकारी रुग्णालये सुधारायलाच हवीत. पण ज्या करातून ती सुधारायची, त्यातलाच वाटा माफ करून घेतल्यावर हा सवाल टिकत नाही. दिल्लीत सवलतीच्या दराने सरकारी जमीन घेतलेल्या रुग्णालयांनी असाच वाद घातला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो फेटाळला आणि १० टक्के आंतररुग्ण व २५ टक्के बाह्यरुग्णांवर मोफत उपचारांची अट कायम ठेवली.

राहतो तो पुराव्याचा प्रश्न. तहसीलदाराचा दाखला आणि शिधापत्रिका आणायची रुग्णाच्या नातेवाइकांनी, तीही माणूस अतिदक्षता विभागात असताना. हा भार उलटा फिरवायला हवा. वर्षभरात किती निर्धनांना दाखल केले आणि निधीतून किती खर्च झाला याची नोंद रुग्णालयाने धर्मादाय आयुक्तांपुढे ठेवावी, आणि ती तपासून झाल्यावरच त्या वर्षाची करसवलत पक्की व्हावी.