घोरपडे : एका आडनांवाची वाटचाल



शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शाळांत माझी सारी नोकरी झाली. हजेरी घेतांना वाघ, लांडगे, कोल्हे, घोरपडे अशीं आडनांवें एकामागून एक येत. वाघ म्हटलें कीं मुलगा छाती काढून 'हजर' म्हणे. घोरपडे म्हटलें कीं वर्ग हंसे, आणि त्यांत लांडगेही हंसत! एके दिवशीं त्या मुलानें विचारलें, "गुरुजी, दाखल्यावर दुसरें आडनांव लिहितां येईल का?"

मुधोळच्या घराण्याची परंपरा अशी कीं, बहामनी वजीर महमूद गावान यानें १४७१ च्या सुमारास खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतला, त्या वेळीं कर्णसिंह नांवाचा वीर घोरपडीच्या कमरेस दोर बांधून कडा चढला व कामास आला. त्याचा पुत्र भीमसिंह यास 'राजा घोरपडे बहाद्दर' हा किताब मिळाला. १९३४ सालीं या घराण्याचा इतिहास छापून निघाला. त्यांतील फर्मानांच्या अस्सलपणाविषयीं संशोधकांत मतभेद आहेत. शिवाय हीच घोरपड १६७० सालीं तानाजीबरोबर सिंहगडावरही चढते! एकच कथा दोन गडांवर आढळली म्हणजे जरा जपून चालावें. घोरपड नखें कपारींत रुतवून खडकास घट्ट धरते हें खरें. परंतु एवढासा प्राणी पुरा माणूस तोलील, हें मला पटत नाहीं. कड्यास चिकटून चढणाऱ्या माणसालाच लोक घोरपड म्हणूं लागले असावेत, असें माझें मत आहे.

पुढें या घराण्याच्या शाखा मुधोळ, कापशी, गुत्ती, संदूर अशा दूरवर नांदल्या. १६४८ सालीं जिंजीजवळ शहाजीराजांस कैद करण्यांत मुधोळचे बाजी घोरपडे होते. आणि १६८९ सालीं संभाजीमहाराजांच्या वधानंतर तुळापूर-कोरेगांवच्या बाजूस बादशाही छावणींत शिरून तंबूचे सोन्याचे कळस कापून आणल्याची कथा बखरकार सांगतात, ती कापशीच्या संताजी घोरपड्यांची. तें कोरेगांव आमच्या शिरूर तालुक्यांतलेंच.

तरीही त्या मुलास मीं 'तूं सरदारांच्या वंशांतला' असें सांगितलें नाहीं. हें आडनांव अनेक जातींत आहे, आणि आडनांव एक म्हणून वंश एक ठरत नाहीं. भिंतीवरच्या नकाशांत भीमेकांठचें कोरेगांव तेवढें दाखविलें. दाखल्याची गोष्ट त्यानें पुन्हा काढली नाहीं.