व्रण-अपंगत्वाचे दावे (अमेरिकी माजी सैनिक)
अमेरिकेत लष्करी सेवेतील जखमेच्या व्रणासाठी माजी सैनिकाला मासिक भरपाई मिळू शकते. प्रादेशिक कार्यालयाचा निर्णय अमान्य असल्यास वर्षभरात माजी सैनिक अपील मंडळाकडे (स्थापना १९३३) दाद मागता येते. मंडळ पुरावे नव्याने तपासते. भरपाई ठरवताना, व्रणामुळे डोके, चेहरा वा मान विद्रूप झाल्यास १० ते ८० टक्के अपंगत्व धरतात. दुखणाऱ्या किंवा वरची त्वचा वारंवार निघणाऱ्या एक-दोन व्रणांना १०, तीन-चारांना २०, पाच वा अधिकांना ३० टक्के असे प्रमाण आहे. व्रणामुळे हालचाल अडत असल्यास त्याचाही विचार होतो. अनुकूल-प्रतिकूल पुरावे जवळपास समतोल असल्यास संशयाचा फायदा सैनिकालाच द्यावा लागतो. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध १२० दिवसांत विशेष अपील न्यायालयात जाता येते.