दीर्घ उद्भासन कृष्णधवल निसर्गचित्रण

दीर्घ उद्भासन कृष्णधवल निसर्गचित्रण ही कॅमेऱ्याचे शटर काही सेकंद ते काही मिनिटे उघडे ठेवून निसर्गदृश्याचे रंगविरहित छायाचित्र घेण्याची पद्धत आहे. या अवधीत स्थिर वस्तू रेखीव उमटतात. लाटा व ढग धुक्यासारखे पसरतात आणि चालती माणसे बहुधा नाहीशी होतात.

इतिहास

प्रारंभी दीर्घ उद्भासन हा नाइलाज होता. लुई दागेर यांनी १८३८ मध्ये टिपलेल्या पॅरिसमधील रस्त्याच्या छायाचित्रात रहदारी उमटलीच नाही. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला माणूस तेवढा दिसतो. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळातील काचपट्ट्या मंद तर होत्याच, शिवाय निळ्या प्रकाशास अधिक संवेदनशील असल्याने त्यांवर आकाश पांढरेफटक येई. पुढे वेगवान फिल्म आली आणि नाइलाजाची शैली झाली. इंग्रज छायाचित्रकार मायकेल केना (जन्म १९५३) यांचे काम या शैलीचे सुपरिचित उदाहरण होय.

तंत्र

दिवसा शटर दीर्घकाळ उघडे ठेवल्यास चित्र प्रकाशाने पांढरे पडते. म्हणून भिंगापुढे एनडी फिल्टर नावाची गडद काच लावतात. दहा स्टॉपची काच प्रकाश १०२४ पटींनी घटवते. त्यामुळे १/६० सेकंदाचे उद्भासन सुमारे १७ सेकंदांचे होते. फिल्मवर हे गणित पुरे पडत नाही, कारण मंद प्रकाशात तिची संवेदनशीलता घटते व हिशेबापेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो. गडद काचांमुळे रंगांत येणारी झाक कृष्णधवल चित्रात अडचण ठरत नाही, हे या जोडीचे एक व्यावहारिक कारण.

वसई परिसर

एव्हरशाईन सिटी ही वसई पूर्वेतील निवासी वसाहत. तिच्या पूर्वेकडे तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. तेथील पावसाळी धबधब्यांचे पाणी रेशमी दिसण्यास एक सेकंदही पुरतो. समुद्र मात्र रेल्वेमार्गापलीकडे पश्चिमेस आहे. तेथे अर्नाळ्याच्या जलदुर्गासारखी स्थिर वास्तू आणि तिच्याभोवती हलते पाणी हा या पद्धतीस अनुकूल विषय मिळतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे भरती आणि संधिप्रकाश जुळण्याचे दिवस मोजकेच येतात. ओल्या वाळूत लाट ओसरताना ट्रायपॉडचे पाय खचतात आणि किंचित हालचालीनेही किल्ल्याची रेषा दुहेरी होते. म्हणून ते आधीच दाबून रोवावे लागतात.