घशावरची जखम आणि अल-जहरावी

इस्लामी सुवर्णयुगाचा विषय निघाला की आपल्या सभांत नावांची यादी वाचली जाते, टाळ्या पडतात. ती माणसे विचार कसा करत, हे क्वचितच सांगितले जाते.

अबुल कासिम अल-जहरावी हे त्या यादीतले एक नाव. कॉर्डोबाजवळच्या मदीनत अल-जहरा इथले हे शल्यचिकित्सक इ.स. १००० च्या सुमारास होऊन गेले. त्यांच्या 'किताब अल-तसरीफ'चे ३० भाग असून शेवटचा शस्त्रक्रियेवर आहे. त्यात टॉन्सिलच्या गाठींची वर्गवारी आहे. गाठ टणक, काळपट, संवेदना कमी असलेली असेल तर तिला शस्त्र लावू नये. लाल आणि बुडाशी जाड असेल तरीही नाही, कारण रक्तस्रावाची भीती. पांढरट, गोल आणि बुडाशी बारीक असेल, तर ती कापावी.

त्याच भागात एका गुलाम मुलीची हकिकत आहे. तिने सुरीने स्वतःचा गळा कापला होता. जखमेतून हवा बाहेर येत होती, पण मोठ्या रक्तवाहिन्या शाबूत होत्या. जहरावींनी जखम शिवली. मुलगी वाचली, फक्त आवाज घोगरा राहिला. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की श्वासमार्गाला छेद दिल्याने माणूस दगावतोच असे नाही. पुढच्या शतकात सेव्हिलच्या इब्न जुहर यांनी हीच गोष्ट बकरीवर प्रयोग करून तपासली.

आजचे सर्जन शस्त्रक्रियेच्या जखमांचे चार वर्ग करतात. ही पद्धत १९६४ मध्ये अमेरिकेत मांडली गेली: स्वच्छ, स्वच्छ पण संसर्गाचा संभव असलेली, दूषित आणि आधीच संसर्ग झालेली. मानेच्या त्वचेतून थायरॉइड काढले तर जखम सहसा पहिल्या वर्गात येते. टॉन्सिल काढले किंवा स्वरयंत्र उघडले तर दुसऱ्या, कारण तोंडात आणि घशात जंतू मुळातच असतात. अँटिबायोटिक द्यायचे का, हे ठरवताना हा वर्ग पाहिला जातो.

जहरावींना जंतू ठाऊक नव्हते. म्हणून 'हे सगळे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणणे खोटे ठरेल, आणि त्यांच्यावर अन्यायही. त्यांचे श्रेय वेगळे आहे. एका रुग्णाकडे नीट पाहून, जे दिसले तेवढेच त्यांनी लिहिले आणि पुढच्याला ते तपासायला ठेवले. आपल्याला वारसा सांगायचा असेल तर तो या सवयीचा सांगावा. त्या मुलीचे नाव इतिहासाला माहीत नाही, पण त्या ज्ञानात तिचाही वाटा आहे.