गुणनोंदवहीचे संगणकीकरण: एक पूर्वपीठिका

विद्यार्थ्याच्या गुणांची नोंद आज शाळेची अंगभूत बाब वाटत असली, तरी तिच्या वाढीमागे अध्यापनाइतकीच, किंबहुना काहीशी अधिकच, हिशेबाची गरज होती. इंग्लंडमध्ये 1862 च्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान परीक्षेतील निकालाशी जोडले. ही ‘निकालानुसार अनुदान’ पद्धत मुंबई इलाख्यातही आली आणि निरीक्षकापुढे ठेवायच्या तक्त्यांना पैशाचे मोल आले. पालकाच्या सहीसाठी घरी जाणारे प्रगतिपुस्तक मात्र निराळ्या वाचकासाठी होते.

शिक्षण हक्क कायद्यानंतर 2010 मध्ये महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. त्यात तोंडी काम, प्रकल्प, दैनंदिन निरीक्षण यांतून वर्षभर होणारे ते ‘आकारिक’ आणि सत्राअखेरचे ते ‘संकलित’ मूल्यमापन होय. गुणांचे रूपांतर श्रेणीत होई, शिवाय प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद अपेक्षित असे. हेतू उदात्त होता, परंतु लेखनाचा भार इतका वाढला की तयार नोंदींच्या पुस्तिकांवरून वाक्ये उतरवली जाऊ लागली (आणि वेगवेगळ्या मुलांची वर्णने एकसारखी झाली).

2015 मध्ये ‘सरल’ ही राज्यस्तरीय संगणकप्रणाली आली व पायाभूत चाचण्यांचे गुण शिक्षक तीत भरू लागले. अशा प्रणालीचे मूल्य ठरवताना माहिती किती वेगाने वर पोहोचते यापेक्षा ती वर्गात किती परत येते हे पाहिले पाहिजे, आणि या कसोटीवर ‘सरल’ ही निरीक्षकाच्या तक्त्याचीच वारसदार ठरते, प्रगतिपुस्तकाची नव्हे.